काळ्या भाताचा कागद

वैशाख उतरणीला लागला की आमच्या वाडीवर सकाळी सकाळी धूर बसतो. बसतो म्हणजे अगदी ठाण मांडून बसतो. वारा नसला तर उन्हं वर आली तरी हलत नाही. भोरहून हिर्डोशीकडे येणारी एसटी आमच्या वळणावर आली की कंडक्टर खिडकीची काच ओढून घेतो. नवख्या माणसाला वाटतं, डोंगराला वणवा लागला. वणवा कसला, राब भाजतायत. ज्या वाफ्यात भाताचं रोप टाकायचं, तिथं आधी शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडाचे वाळलेले टहाळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, वर गवत, शेवटी भुरभुर माती, आणि मग ते सगळं एका कडेनं सावकाश पेटवायचं. खालची माती भाजून निघते, तण जळतं, आणि त्या काळ्या राखेत रोप असं काही तरारतं की बघत राहावं. मला हा वास फार आवडायचा. आता तो नकोसा वाटतो. मी शेडचं दार लावून घेते, जसं काही दार लावल्यानं धूर बाहेर थांबणार आहे.

शेड माझी, हातकागदाची, वाडीच्या वरच्या अंगाला. लग्नाआधी मी लांबच्या एका कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. काम दिवसभर एकच. शिजलेल्या लगद्यात लिग्निन किती उरलंय ते बघायचं. लिग्निन म्हणजे झाडाच्या अंगातला डिंकच म्हणा ना. लाकडातले तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात ते याच्या जिवावर. झाड वाऱ्यापावसात ताठ उभं राहतं तेही याच्याच जिवावर. झाडाला ते हवं असतं आणि कागदाला नको असतं, सगळं भांडण एवढंच. कागदात राहिलं तर कागद कडक होतो, मोडतो, आणि उन्हात ठेवला की पिवळा पडतो. म्हणून लाकडाचे बारीक तुकडे खारात शिजवून ते बाहेर काढायचं आणि लगदा धूत बसायचं.

त्यातही पाइनचं लाकूड म्हणजे महाचिवट. कागदाच्या धंद्यात याला मऊ लाकूड म्हणतात. नाव ठेवणाऱ्यानं ते स्वतः कधी शिजवलं नसावं. तंतू लांब, त्यामुळे कागद असा मजबूत होतो की हातानं फाडू म्हटलं तर दमायला होतं, पण लिग्निन सोडताना हे लाकूड जीव खातं. आता आमच्या डोंगरात ऐन, हिरडा, जांभूळ, सगळं आहे, पाइन कुठून असणार? ते सापडलं शिवऱ्याला. तिथं हायवेच्या कडेला यासीनभाईंची वखार आहे. बाहेरदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती खोकी ते विकत घेतात, खिळे उपटतात, फळ्या रंधून पुन्हा विकतात. रंध्याखाली गुंडाळ्या गुंडाळ्या होऊन पडलेली पातळ छिलकं मी पहिल्यांदा ओंजळीत घेऊन हुंगली, तेव्हा यासीनभाई काम थांबवून माझ्याकडे बघत राहिले. "ताई, हे कोंबड्यांखाली घालतात," ते जपून म्हणाले. मी कागद करणार म्हटल्यावर हसले, आणि पोती भरून टेम्पोत टाकून दिली. अजूनही टेम्पो त्यांच्याकडूनच येतो. माझ्या घरच्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. शिकली सवरली सून खोक्यांचा भुस्सा शिजवते म्हणजे काय!

या उद्योगात माझ्या मागे उभी राहिली ती एकच बाई, ठकूआत्या. नात्यानं त्या माझ्या चुलत सासूबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक मुळशीकडे दिलेली, घरात एकट्या, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला भाताचं एक खाचर. त्या खाचरावर त्यांचं वर्ष निघायचं. बारीक अंगाच्या, दातांना मिश्री लावलेल्या, आणि तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी शेडमध्ये आल्या, भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, लई शिकल्यावर माणूस भुस्सा शिजवून खातं का काय. दुसऱ्या दिवशी पदर खोचून कामाला हजर.

काम असं. छिलकं पाण्यात भिजवायची. कॉस्टिक सोड्याचं पाणी करून दोन्ही मिळून जुन्या बाजारातून आणलेल्या दाबाच्या भांड्यात घालायचं, झाकण आवळायचं आणि खाली जाळ लावायचा. सकाळी लावलेलं दुपार कलल्यावर उघडायचं. उघडल्यावर जो वास येतो तो सांगून कळायचा नाही. राळ, ओलं लाकूड आणि साबण एकत्र उकळला तर येईल तसा काहीसा. आणि आत पाणी काळंभोर. झाडाला उभं ठेवणारं सगळं त्या पाण्यात उतरलेलं, आणि तळाशी मऊ तपकिरी लगदा. नीट शिजलं नाही तर लगद्यात कच्ची चिपटं राहतात, बाहेरून मऊ आणि आतून लाकूड. ती बोटांनी वेचून काढावी लागत. मग धुणं. फडक्याच्या चाळणीवर घ्यायचं, पाणी ओतायचं, पिळायचं, पुन्हा पाणी. खार असेस्तोवर लगदा बोटांना बुळबुळीत लागतो. ती बुळबुळ जाईपर्यंत आत्या धूत राहायच्या, आणि धुताना जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. सरपंचापासून माझ्या सासऱ्यांपर्यंत कुणाला सोडायच्या नाहीत. मी आपली हसत बसायची. त्यांच्याइतका स्वच्छ लगदा शेडमध्ये दुसऱ्या कुणी धुतला नाही.

धुतलेल्या लगद्याची मी परीक्षा करायची. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध असतं ना, परमँगनेट, त्याचं पाणी लगद्यात घालायचं. लिग्निन उरलेलं असलं की जांभळा रंग झटकन मरतो. रंग टिकला की समजायचं, निघालं बऱ्यापैकी. आत्यांना हा खेळ भारी आवडायचा. काचेच्या भांड्यापाशी बसून बघायच्या आणि रंग उडाला की माझ्याकडे वळून म्हणायच्या, न्हाई गं, नापास. पास झालेल्या लगद्याला मग पेरॉक्साइडचं पाणी. तपकिरीचा पिवळा, पिवळ्याचा पांढरा. पहिल्यांदा चौकटीवर पांढरा ताव उचलला तेव्हा आत्यांनी त्यावरून उलटा हात फिरवला, तान्ह्या पोराचा ताप बघतात तसा.

त्याच दिवाळीच्या सुमारास त्यांचं भात कापून झालं होतं. त्यांच्या खाचरात एक वेगळंच भात असायचं. टरफल काळं कुळकुळीत आणि आत तांदूळ पांढरा, शिजला की चार घरांपलीकडे वास जाणारा. त्यांच्या सासूबाई माहेराहून येताना पदरात बांधून आणलेलं ते बी. त्याला नाव काही नव्हतं. आत्या नुसतं 'आपलं काळं' म्हणायच्या. वाडीत बाकी सगळ्यांनी दुकानातलं बी धरलं, यांनी हे सोडलं नाही. कमी पिकायचं, काड उंच व्हायचं, वाऱ्यात लोळायचं, तरी नाही सोडलं. त्यातल्या लोंब्यांची एक जुडी त्यांनी शेडच्या दारावर तोरणासारखी बांधायला आणली. मी त्यातल्या काही काढल्या, ओल्या पांढऱ्या तावावर मांडल्या, वरून पातळ लगद्याची दुसरी साय धरली आणि सावलीत वाळवला. पांढऱ्या कागदात काळ्या लोंब्या. माझ्या हातून इतका देखणा ताव आधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. तो मी खिडकीशेजारच्या भिंतीवर लावला. येणारा जाणारा त्याच्याकडे बघायचा आणि मी साळसूदपणे दुसरीकडे बघायची.

तो ताव बघूनच पुढच्या चैत्रात लग्नपत्रिकांचं मोठं काम आलं. आता घोळ असा, की कागद वाळवायला जे कोरडं ऊन लागतं, तेच राबाला लागतं. पावसाच्या आधीचे ते थोडे दिवस, आणि त्या दिवसांवर दोघांचा डोळा. मी आत्यांना विचारलं, रोज याल का? त्या आल्या. मी विचारलं, राबाचं काय? त्या म्हणाल्या, करीन की, राब काय पळून चाललाय व्हय. वाडीतल्या बायका डोक्यावर टहाळांचे भारे घेऊन शेडवरून जायच्या आणि आत्या चाळणीवर वाकलेल्या असायच्या. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. पण कामाची घाई होती, कागद सुरेख उतरत होता, आणि मला वाटलं, त्यांना त्यांचं कळतं. शेवटी एका सकाळी त्यांनी जुनं गवत पसरून कसाबसा काडी लावल्यासारखा राब भाजला. धूर निघाला तोही एवढासा.

त्या काळ्या पाण्याबद्दल मी फार कडक होते. ते पाणी सिमेंटच्या टाकीत साठवायचं, त्यात हळूहळू आम्ल घालून खार मारायचा, तपकिरी गाळ खाली बसला की तो वेगळा काढायचा. ओढ्यात थेंब जाता कामा नये. हाताला लावू नका, डोळ्यात उडालं तर धावत नळाखाली जा, गुरं टाकीकडे येऊ देऊ नका. हे सगळं मी रोज सांगायची, आत्या वैतागून म्हणायच्या की आता पाठ झालंय. खाचराचं सांगायचं मला सुचलं नाही. कसं सुचावं? पाइनचं काळं पाणी कुणी रोपाला घालेल हे गिरणीत कुणाच्या डोक्यात आलं नसतं. ते इथंच यायचं. काळी राख म्हणजे रोपाचं बाळसं, हे जिथं माणूस लहानपणापासून बघतं, तिथंच.

पाऊस लागला, शेड बंद झाली; शेवटच्या खेपेचं काळं पाणी टाकीत तसंच होतं, त्यात आम्ल घालायचं बाकी होतं. ज्येष्ठाच्या अखेरीला सगळ्यांची रोपं हिरवीगार वीतभर झाली आणि आत्यांचं मात्र पिवळं, किडकिडीत. राब नीट नव्हता, दुसरं काय होणार. मी एकदा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ओढ्याकडे गेले तर त्यांच्या बांधावर मला तो वास आला. राळेचा आणि साबणाचा. पावसातही आला. रोपाकडे बघितलं तर सगळं आडवं. पुरात लोळतं तसं नव्हे, मुळातून करपून, तांबूस होऊन, मातीला चिकटलेलं. आत्या बांधावर इरलं घेऊन बसल्या होत्या. शेजारी कळशी.

मी विचारलं, "आत्या, काय घातलंत यात?"

"तुजं काळं पानी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "म्हटलं राबाचं राह्यलं. हे बी लाकडाचंच, खार बी हाय, काळं बी हाय. राखंत तरी दुसरं काय असतंय?"

मी तिथं उभ्या उभ्या त्यांना समजावू लागले. राखेतला खार किती आणि कॉस्टिकचा किती, राख कशी मातीत मुरते आणि हे कसं मुळाची साल सोलतं. रसायनशास्त्र अगदी बरोबर होतं माझं. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी थांबले. राब का राहिला होता हे त्यांनी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. दोघींना ठाऊक होतं.

दोन दिवसांत वाडीत बोभाटा झाला. आत्यांच्या खाली ज्यांचं खाचर, त्या दगडूअण्णांनी पारावर सांगितलं की शेडचं विष खाली उतरलंय, आज हिचं गेलं, उद्या आमचं जाईल, शेडला कुलूप घाला. लोक माझ्या दारात आले. तेव्हा आत्या गर्दीतून पुढे आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्या वतलं, माज्या हातानं. तिनं न्हाई सांगितलं. कुलूप घालायचं तर माज्या हाताला घाला." दगडूअण्णा निघून गेले. लोकही पांगले. शेड वाचली. माझी शेड वाचली आणि त्यांचं खाचर रिकामं, आणि वाचवणाऱ्या त्याच. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. लावणी उरकली की ज्याच्या घरी रोप उरतं, तो त्याच्या मुठी बांधून रस्त्याकडेच्या बांधावर ठेवतो. ज्याला कमी पडलं त्यानं उचलायच्या. विचारायचं नाही, सांगायचं नाही. त्या आषाढात आत्यांच्या बांधावर मुठी आल्या. कुणाचं इंद्रायणी, कुणाचं कोलम, कुणाचं आणखी काही. दगडूअण्णांच्या घरच्यांनीही ठेवल्या. मी लावणीला उतरले. मला ती नीट येत नाही, माझ्या ओळी वाकड्या जातात. आत्या मागून येऊन माझी रोपं पुन्हा सरळ करत होत्या आणि मला वाट्टेल ते बोलत होत्या, तेवढ्या एका दिवशी मला जरा बरं वाटलं.

पण खाचराला ठिगळं लागली ती लागलीच. इकडचं पसवून लोंबीला आलं तर तिकडचं अजून हिरवं. एक कोपरा उंच, दुसरा बुटका. आश्विनात बाकीच्यांची शेतं एका रंगानं पिवळी झाली आणि आत्यांचं जसं काही चार माणसांची चार मतं. एरवी एका खेपेला होणारी कापणी त्यांनी पुन्हा पुन्हा केली. एका खेपेला माणसं मदतीला येतात, प्रत्येक खेपेला कोण येणार? ज्याला त्याला आपलं होतं. शेडच्या खिडकीतून मला त्या दिसायच्या, एवढ्याशा तुकड्यात वाकलेल्या. मी विळा घेऊन जायची, त्या मला परत पाठवायच्या. तुजा कागद वाळतोय, जा.

मला कुणी बोललं नाही हो. तेच तर दुखणं आहे. आत्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या, मग रडले असते, मग मोकळी झाले असते. घरचे म्हणाले, तुझी काय चूक? यासीनभाई म्हणाले, ताई, तुम्ही काय त्यांच्या हातात कळशी दिली नव्हती. सगळं खरं. पण राबाच्या वेळी त्या कुठं वाकल्या होत्या, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चूक असली तर तिचा हिशोब एकदाचा मांडता येतो, या बोचणीचा मांडताच येत नाही. तो नुसता अंगाला लागून राहतो, कॉस्टिकची बुळबुळ राहते तसा. कितीही धुवा.

दिवाळीच्या पाडव्याला आत्या नव्या तांदळाची पिशवी घेऊन आल्या. पहिला तांदूळ त्या दरवर्षी आम्हाला देतात. मी शिजवला. एक शीत मऊ होऊन फुटलेलं, शेजारचं आतून कच्चं, दाताखाली कचकच लागणारं. सगळी भातं मिसळलेली, एका पाण्यात शिजणार कशी? पोरं ताटातून बाजूला सारायला लागली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. मी स्वतः शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. आणि हात धुताना माझ्या लक्षात आलं, वास नव्हता.

तशीच उठून आत्यांकडे गेले. विचारलं, काळं कुठं आहे? त्या कणगीला शेण लावत होत्या. म्हणाल्या, काळं संपलं. मागं ठेवलं होतं तेवढं सगळं बी त्यांनी त्या वाफ्यात टाकलं होतं. वाफा मोठा केला होता त्या वर्षी, राब हलका म्हणून दाट टाकलं होतं. दाणासुद्धा घरात उरला नव्हता. सासूबाईंच्या पदरातून आलेलं, इतक्या पावसाळ्यांतून टिकवलेलं. तोवर मला वाटत होतं, एका वर्षाचं भात गेलं. एवढं मोठं काही गेलंय याचा मला पत्ताच नव्हता, आणि आत्यांनी तो लागू दिला नव्हता.

मग मी हिंडले. कुणी सांगितलं, तोरण्याच्या पायथ्याला अजून जुनी भातं करतात. भोर, नसरापूर, तिथून वेल्ह्याची गाडी. वेल्ह्याच्या बाजारात धान्यवाल्यांना विचारलं, तहसीलच्या झाडाखाली कामासाठी ताटकळलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांना ते भात आठवत होतं. एकानं तर डोळे मिटून त्याचा वाससुद्धा वर्णन करून सांगितला. बी मात्र कुणाकडे नव्हतं. आमच्या आईच्या वेळेपर्यंत व्हतं, असं म्हणून ते पुन्हा आपापल्या कामाकडे बघायला लागले. मी रिकाम्या पिशवीनं परत आले. एसटीत बसल्यावर मला स्वतःचाच राग आला. गेलेलं बी बाजारात मिळालं असतं तर ते गेलं असं कशाला म्हटलं असतं?

पुढचा वैशाख आला. धूर बसला. शेडमध्ये मी भिंतीवरचा माझा तो देखणा ताव बघत होते, आणि माझी चिडचिड होत होती, कारण तो पिवळा पडायला लागला होता. खिडकीकडची कड तर चांगलीच. म्हणजे थोडं लिग्निन राहिलंच होतं आत, माझ्या सगळ्या परीक्षा पास होऊनही. कुठं चुकलं असावं याचा विचार करत मी जवळ गेले. पिवळ्या कागदात काळ्या लोंब्या होत्या. रोज बघत होते त्या. वर्षभर रोज.

मी ताव खाली उतरवला आणि तसाच छातीशी धरून उतारावरून आत्यांकडे धावले. सांगताना मला दम लागला होता. त्यांना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, उलटा हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगला कागद हाय. फाटंल की."

"फाटू दे, आत्या."

परातीत पाणी घेतलं. पाइनचा कागद लवकर हार मानत नाही, सांगितलं ना. भिजत ठेवला, मग दोघी परातीपाशी बसून कडेकडेनं सोडवायला लागलो. लांब लांब तंतू सुटे होत होते. ज्या बोटांनी आत्या लगद्यातून कच्ची चिपटं वेचायच्या, त्याच बोटांनी आता दाणे वेचत होत्या. मला भीती वाटत होती. लगद्यात थोडा जरी खार राहिला असला तर दाणे कधीच मेले असणार. आत्यांना मी ते बोलले. त्या म्हणाल्या, बुळबुळ गेली व्हती. म्या धुतला व्हता त्यो.

दगडूअण्णांच्या भाजलेल्या वाफ्यातली राख मी मागून आणली. त्यांनी विचारलं नाही, फावड्यानं पाटी भरून दिली. जुन्या घमेल्यात माती आणि राख घातली, दाणे टाकले, वर कोंबड्या येऊ नयेत म्हणून माझी कागदाची जाळीची चौकट झाकली. त्यानंतर मी रोज सकाळी आत्यांकडे जायची आणि त्या मला दारातूनच हातानं नको म्हणायच्या. अजून नाही. एके दिवशी त्यांनी हात हलवला नाही, नुसत्या बाजूला सरकल्या. घमेल्यात हिरव्या सुया होत्या. थोड्या होत्या. बऱ्याचशा जागा मोकळ्याच राहिल्या. मी ओट्यावर बसले आणि मला रडू आलं, आणि आत्या म्हणाल्या, उगी रडायला काय झालं, पानी जास्त हुईल त्याला.

त्या आषाढात खाचराचा एक कोपरा त्या रोपांना दिला. बाकी खाचर दुकानाच्या बियाण्याचं. कोपऱ्याला आत्यांनी काटक्यांचं कुंपण केलं, पाखरं हाकायला स्वतः उभ्या राहिल्या, वाऱ्यात काड लोळू नये म्हणून काठ्या रोवून दोरी बांधली. वाडीतली माणसं चेष्टा करायची, आत्याबाईंनी बाळ झोपवलंय. गेल्या कार्तिकात ते कापलं. शिजवण्याइतकं नव्हतंच. सगळं बियाण्याला.

आता शेड मी राबाच्या दिवसांत बंद ठेवते. कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. काम आलं तर नाही म्हणते. आत्यांबरोबर टहाळ तोडायला जाते. भाऱ्यानं मान दुखते, आत्यांना माझा भारा बघून हसू येतं. त्यानं काही फिटत नाही हे मला कळतं. तरी जाते. नाही गेले तर त्या काळात करू काय मी? शेडमध्ये बसून तो वास घेत राहू?

पण मला सांगायचं होतं ते गेल्या कार्तिकातलं. मळणी झाल्यावर आत्या एक पत्र्याचा डबा घेऊन माझ्या घरी आल्या. ओट्यावर टेकल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला. उघडला तर आत काळे दाणे. मी विचारलं, हे काय?

"निम्मं तुज्याकडं ऱ्हाऊ दे."

मी डबा परत सरकवला. म्हटलं, नको आत्या, माझ्याकडे नको. माझ्या घरात ॲसिड असतं, कॉस्टिक असतं, मला यातलं काही कळत नाही, तुमच्याकडेच बरं. मी पुष्कळ कारणं सांगितली. खरं कारण तेवढं सोडून. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिश्रीचं बोट पदराला पुसलं आणि उठल्या.

"माज्याकडचं गेलं न्हवं का," त्या म्हणाल्या. "तुज्याकडचंच ऱ्हायलं."

आणि पायऱ्या उतरून गेल्या.

तो डबा आमच्या घरात आढ्याला टांगलाय, शेडपासून सगळ्यात लांबच्या खोलीत. कॉस्टिकची पिंपं शेडच्याही पलीकडच्या टोकाला हलवलीत. आज सकाळी धूर आला, तशी मी स्टुलावर चढून तो खाली काढला, झाकण उघडलं आणि दाणे हातावर घेऊन बघितले. कोरडे आहेत. ठीक आहेत. आत्यांनी खालून हाक मारली, टहाळाला येतीस ना म्हणून. मी झाकण घट्ट लावलं, डबा पुन्हा टांगला, आणि हात दोनदा धुऊन मग कोयता घेतला.